दर एप्रिलला एसीचा गॅस ‘संपतो’? आधी ब्रॅकेट हलवून बघा

श्रीवर्धनपासून मुरूडपर्यंतच्या पट्ट्यात मी अठरा वर्षं एसीची कामं करतोय. होळी आटोपली की फोन सुरू होतात आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “गॅस संपलाय वाटतं, जरा येऊन भरून जा.” मागच्या वर्षी भरला होता, त्याच्या आदल्या वर्षीही भरला होता. पावसाआधी शाकारणी करायची तसा उन्हाळ्याआधी एसीत गॅस भरायचा, असं लोकांनी आता धरूनच ठेवलंय.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही. तो बंद नळीतून फिरत राहतो. खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो, परत आत येतो. घरातला फ्रिज आठवा. पंधरा वर्षं चालतो आणि त्यात दर वर्षी कोणी गॅस भरत नाही. तत्त्व दोघांचं एकच आहे. फरक एवढाच, की फ्रिजचे सगळे जोड कारखान्यात झाळलेले असतात आणि कॉम्प्रेसर त्याच खोक्यात रबरावर बसलेला असतो. स्प्लिट एसीचे शेवटचे चार जोड मात्र तुमच्या घरी होतात, स्टुलावर किंवा शिडीवर उभं राहून, हाताने. दोन इनडोअरच्या मागे, दोन आउटडोअरच्या बाजूला. त्यातले दोन ज्याच्या आधाराने राहायचे, ते आउटडोअर भिंतीत ठोकलेल्या दोन लोखंडी अँगलवर, म्हणजे ब्रॅकेटवर, उभं असतं. दर वर्षी जाणारा गॅस बहुतेक वेळा इथूनच जातो.

त्यामुळे मी आधी गॅसचा दाब मोजायचं गेज लावत नाही, आधी ब्रॅकेट हलवून बघतो.

दिवेआगरच्या बाजूला एका काकूंचं होमस्टे आहे. पाच खोल्या, पुढे अंगण, मागे नारळ-पोफळीची वाडी आणि वाडीच्या पलीकडे समुद्र. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा त्यांचं छप्पर गेलं आणि अर्धी वाडी आडवी झाली. कर्ज काढून त्यांनी चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, नव्या खोल्या बांधल्या, २०२१च्या दिवाळीला एसी बसवले. माझ्याकडे त्या आल्या एप्रिल २०२४मध्ये. हातात वही होती आणि वहीत तारखा लिहिलेल्या: एप्रिल २०२२, तीन एसीत गॅस. एप्रिल २०२३, चार एसीत गॅस. मार्च २०२४, पाचही एसीत गॅस आणि महिन्याभरात दोन परत बंद. पुढे प्रत्येक वेळचे पैसे. “मे महिन्यातच चार पैसे मिळतात रे,” त्या म्हणाल्या, “आणि पाहुणे रात्री बारा वाजता दार वाजवतात, काकू खोली थंड होत नाही म्हणून.”

ती वही मला गेजपेक्षा जास्त उपयोगी पडली. तुम्हीही लिहून ठेवा. गॅस कधी भरला, किती दिवसांनी थंडावा उतरला, कोणत्या मशीनचा. भरल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत गेला तर गळती ठळक असते, फ्लेअर नट (पाइपचं कर्ण्यासारखं उघडलेलं तोंड म्हणजे फ्लेअर, त्याला आवळून धरणारा पितळी नट) किंवा आउटडोअरच्या बाजूला पाइप जोडतात त्या सर्व्हिस व्हॉल्व्हच्या टोपीपाशी. वर्षभर टिकून पुढच्या उन्हाळ्यात कमी पडला तर गळती केसाएवढी असते. मग फ्लेअरचा बारीक तडा, व्हॉल्व्हमधली पिन किंवा कॉइलमधलं टाचणीच्या टोकाएवढं छिद्र. आणि गॅस पुरेसा असूनही थंड होत नसेल, तर फिल्टर चोंदलेला असेल, आउटडोअरची जाळी मातीने भरलेली असेल किंवा पंखा मंद झाला असेल. इनडोअरच्या कॉइलवर बर्फ धरला की लोक गॅस कमी आहे असंच समजतात. आधी फिल्टर काढून धुवा. हवा कमी गेली तरी तसाच बर्फ धरतो.

चिऱ्यात बसवलेला अँकर

काकूंच्या तिसऱ्या खोलीचं आउटडोअर बंद असताना मी खालून हाताने हलकेच उचललं. डावा ब्रॅकेट भिंतीपासून जवळजवळ एक सेंटिमीटर पुढे आला आणि हात सोडल्यावर मागे गेला. अँकरच्या भोकाखाली भिंतीवर तांबड्या भुकटीचा ओघळ होता, पाटावर हळद सांडावी तसा. तो गंज नव्हता, चिऱ्याची पूड होती.

जांभा दगड सच्छिद्र असतो आणि पावसात भिजला की मऊ पडतो. ब्रॅकेट भिंतीला धरणारा खिळ्यासारखा बोल्ट, म्हणजे अँकर फास्टनर, धरतो तो भोकाच्या कडांवर आतून फुगून, दाब देऊन. काँक्रीटमध्ये हा दाब टिकतो. चिऱ्यात दाब दिला की कड चुरते. त्या दिवशी नट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण पुढे रोजच्या थरथरीने भोक मोठं होत जातं. पुण्या-मुंबईकडे सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या, भिंतीत हेच होतं. दीड टनाचं आउटडोअर साधारण पंचवीस ते पस्तीस किलोचं, म्हणजे वजन फार नाही. पण ते भिंतीपासून पुढे लोंबतं, त्यामुळे वरचा अँकर सतत बाहेर ओढला जातो, आणि कॉम्प्रेसर सुरू होताना, बंद होताना झटका देतो.

चिऱ्याच्या किंवा सिपोरेक्सच्या भिंतीसाठी मी तीनच गोष्टी करतो. जमलं तर लिंटेल किंवा बीमच्या काँक्रीटमध्ये अँकर घेतो, मग पाइप अर्धा मीटर लांब गेला तरी चालेल. नाहीतर भिंतीच्या आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूला लोखंडी पट्टी देतो, म्हणजे ओढ एका दगडावर न येता पट्टीभर पसरते. घरमालक आतून पट्टी दिसेल म्हणून कुरकुरतात. वर एक लाकडी फळी मारून शोभेचं शेल्फ केलं की प्रश्न मिटतो. आणि तळमजला असेल तर सरळ जमिनीवर घडवंचीसारखा स्टँड, खाली काँक्रीटचा ओटा, अंगणापासून निदान अर्धा फूट वर. जमिनीलगत ठेवलं की पावसाचं पाणी, मुंग्या, उंदीर आणि पाली, सगळ्यांचं ते घर होतं. आउटडोअरमधल्या इलेक्ट्रॉनिक कार्डावर पाल चिकटून जळालेली मी इतक्यांदा काढलीय की आता स्टँडची उंची कमी करायला कोणी सांगितलं तरी ऐकत नाही.

केमिकल अँकरही चालतो, पण अशा भिंतीत जाळीची नळी घालूनच. नुसतं रसायन भोकात सोडलं तर ते दगडाच्या पोकळ्यांत पसरून जातं आणि बोल्टभोवती काही उरत नाही.

ब्रॅकेट भिंतीला लागला की आउटडोअर चढवण्याआधी मी दोन्ही हातांनी त्याला लोंबकळतो. खाली अंगण आहे म्हणून हे जमतं. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असा प्रयोग कोणी करू नये, आणि बेल्ट बांधल्याशिवाय कोणाला खिडकीबाहेर जाऊ देऊ नका. काम करणारा म्हणेल, “काही होत नाही, रोजचं आहे.” तरी थांबवा त्याला. जुन्या इमारतींचे छज्जे वरून धड दिसतात आणि आत सळ्या गंजून फुगलेल्या असतात. त्यावर माणूस आणि मशीन दोघांचं वजन एकदम देणं धोक्याचं आहे.

गंज कुठून सुरू होतो

बाजारात मिळणारे बहुतेक ब्रॅकेट पत्र्याचे, वर पावडर कोटिंग. कोटिंग चांगलं असतं, पण बोल्ट आवळताना वॉशर ते खरवडतो आणि भोकाच्या कडेला लोखंड उघडं पडतं. खारा वारा तिथून शिरतो आणि रंगाच्या खालून गंज पसरत जातो. वरून ब्रॅकेट पांढराशुभ्र, नखाने टोकरलं की पापुद्रा निघतो. समुद्राजवळ मी हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड ब्रॅकेट वापरतो. त्यावरचा जस्ताचा थर पन्नास मायक्रॉनच्या वर असतो. चकचकीत दिसणाऱ्या साध्या झिंक प्लेटिंगचा जेमतेम पाच-दहा मायक्रॉन. म्हणून चकाकीवर जाऊ नका, राखाडी आणि जरा खडबडीत दिसणारा घ्या. जिथे कापाल किंवा भोक पाडाल तिथे लगेच झिंकचा स्प्रे मारा.

स्टेनलेस परवडत असेल तर ३१६ मागा. ३०४मध्ये मॉलिब्डेनम नसतं, खाऱ्या हवेत त्यावर चहाच्या डागांसारखे डाग उठतात. ब्रॅकेट गॅल्व्हनाइज्ड असला तरी नट-बोल्ट स्टेनलेसचे घ्या आणि आट्यांना थोडं ग्रीस लावा, नाहीतर स्टेनलेसवर स्टेनलेस असा चावतो की पुढे नट कापूनच काढावा लागतो. आउटडोअरच्या चारही पायांखाली रबर हवंच. काकूंच्या पाच मशीनपैकी दोनांखाली ते नव्हतंच, थेट लोखंडावर लोखंड.

एक गोष्ट लोकांना पटवायला मला वेळ लागतो. पत्र्याच्या किंवा छज्ज्याच्या खाली ‘सुरक्षित’ ठेवलेलं आउटडोअर किनाऱ्यावर जास्त लवकर खराब होतं. उघड्यावरच्या मशीनवरचं मीठ पाऊस धुऊन काढतो. छज्ज्याखालच्यावर ते साठत जातं आणि रात्रीच्या दमट हवेत ओलं होऊन काम करत राहतं. म्हणून अशी मशीन दिवाळीपासून पाऊस लागेपर्यंत दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने धुवायची. मेन स्विच खाली पाडून, बागेतल्या पाइपने, साध्या धारेने. गाड्या धुवायच्या पंपाने मारलं तर कॉइलचे पंख झोपतात आणि हवा जायची वाट बंद होते. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळूही नका. आत ओल कोंडते आणि मीठही आतच राहतं.

टेपखाली काय होतं

तिसऱ्या खोलीच्या पाइपवरची टेप मी कटरने उभी चिरली. आतून वाटीभर पाणी सांडलं. पांढरा फोम उन्हाने पिठासारखा झालेला, बोटात धरला की उडून जात होता. बारीक पाइपवर तर फोम घातलाच नव्हता. जाड पाइपचा पितळी फ्लेअर नट हिरवागार, आणि नटाच्या गळ्याशी बोटभर काळी, तेलकट धूळ चिकटलेली.

तेलाचा डाग म्हणजे पत्ता. कॉम्प्रेसरचं तेल थोडंथोडं गॅसबरोबर फिरत असतं. जिथून गॅस निसटतो तिथे ते मागे राहतं आणि धूळ धरतं. कोणतंही मशीन न घेता तुम्हाला तुमच्या घरी हे टॉर्चने बघता येतं. मी भांड्याच्या साबणाचा फेस ब्रशने लावला. नटाच्या मागच्या बाजूला ताकावर यावेत तसे बारीक बुडबुडे धरायला लागले, सुटे नाहीत, झुपक्याने. ठळक गळती असती तर मोठे फुगे आले असते.

गॅस काढून घेऊन नट उघडला. फ्लेअरच्या मानेवर, जिथे पाइप कर्ण्यासारखा उघडतो तिथे, केसाएवढा तडा. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून काकूंना दाखवला. ब्रॅकेट हलत होता, म्हणून आउटडोअर हलत होतं. पाइप मात्र भिंतीशी लोखंडी क्लिपने करकचून बांधलेला होता. म्हणजे एक टोक नाचतंय आणि दुसरं जखडलेलं, मधला सगळा ताण या मानेवर. त्यात आधीच्या प्रत्येकाने गळती थांबवायला नट आणखी आवळला होता, त्याने तांबं चेपून पातळ झालं होतं. क्लिपखाली तांब्याला चकचकीत चर पडला होता. आणखी एक पावसाळा गेला असता तर पाइप तिथेच फुटला असता.

तीन वर्षं भरलेला गॅस या एका तड्यातून जात होता आणि तड्याचं मूळ चिऱ्यातल्या त्या सैल अँकरमध्ये होतं.

चौथ्या खोलीत वेगळंच निघालं. तिथे पितळी नटच उभा चिरलेला होता, आवळल्याची कुठलीही खूण नसताना. मागे गोठा. पितळेला अमोनिया सोसत नाही. ताण असलेलं पितळ दमट हवेत अमोनियाच्या सहवासात असं आपोआप चिरतं. आमच्या आयटीआयच्या सरांनी हे सांगताना इंग्रजांच्या फौजेची गोष्ट सांगितली होती. हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवायचे आणि त्यांच्या पितळी नळ्या चिरून निघायच्या. कारण कळायला १९२१ साल उजाडलं. मी त्या गोष्टीनंतर गोठ्याच्या, संडासाच्या टाकीच्या किंवा शेणखताच्या ढिगाच्या बाजूला आउटडोअर लावायचं टाळतो, आणि टाळता आलंच नाही तर नट इन्सुलेशनने पूर्ण झाकून त्याच्या कडा चिकटवून घेतो.

पाइपलाइन परत टाकताना

फ्लेअर नवा करायचा म्हणजे पाइप कटरने कापायचा, करवतीने नाही. आतली धार रिमरने काढायची आणि काढताना पाइपचं तोंड खाली धरायचं, म्हणजे कीस आत पडत नाही. नट आधी पाइपमध्ये घालायचा. हे लिहायची गरज नाही असं वाटेल, पण घाईत सगळेच विसरतात. फ्लेअरच्या पाठीला कॉम्प्रेसरच्या तेलाचा एक थेंब. टेफलॉन टेप, एम-सील, शेलॅक यातलं काहीही लावायचं नाही. फ्लेअर धातूवर धातू बसूनच सील होतो. मध्ये काही आलं तर तो नीट बसत नाही.

आवळायला टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा. पाव इंची नटाला १४ ते १८ न्यूटन मीटर, अर्धा इंचीला साधारण ५० ते ६०. दुसरा पाना व्हॉल्व्हच्या अंगाला धरायचा, नाहीतर व्हॉल्व्हच पिळतो. हाताच्या अंदाजावर आता भागत नाही. आर-२२ या जुन्या गॅसच्या मशीनमध्ये बंद असताना तीस अंशाला दीडशे-एकशे साठ पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाब असायचा. आताच्या आर-३२ गॅसमध्ये त्याच तापमानाला अडीचशेच्या वर असतो. पूर्वी जो फ्लेअर चालून जायचा तो आता गळतो. म्हाताऱ्या मिस्त्रींचा हात वाईट झालेला नाही, गॅस बदललाय.

दोन्ही पाइप वेगवेगळे झाकायचे. घरच्या स्प्लिट एसीत दाब उतरवणारी कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह सहसा आउटडोअरमध्ये असतो, त्यामुळे बारीक पाइपमधूनही थंडच गॅस येतो. तो उघडा ठेवला की घाम धरतो, टेपखाली पाणी साठतं आणि तांबं कायम ओलं राहतं. पांढऱ्या फोमऐवजी काळं नायट्रिल रबर घ्या; आमच्या दमट हवेत मी १३ मिमी जाडीचं घालतो. सांधे त्याच्याच गोंदाने चिकटवायचे. रबरालाही ऊन सोसत नाही, म्हणून वरून पीव्हीसीचं झाकणाचं ट्रंकिंग, किंवा निदान ऊन सोसणारी टेप. टेप खालून वर गुंडाळत जायची, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येतो आणि कौलासारखं पाणी घरंगळतं. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक पदर पाणी आत घेतो. काकूंच्या पाचही खोल्यांत ती वरून खाली होती. नारळावरून उतरणाऱ्या खारी आणि कावळे पन्हळीशेजारचं इन्सुलेशन घरट्यासाठी ओढून नेतात. ट्रंकिंगने तेही थांबतं.

भिंतीतल्या भोकाला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या, आत पीव्हीसीचा तुकडा घाला, तोंड पुट्टीने बंद करा. बाहेर आल्यावर पाइप थोडा खाली उतरून मग वर जाऊ द्या, पावसाचं पाणी त्या खोलगट वळणावरून खाली गळतं, घरात येत नाही. आउटडोअरपाशी पाइपला एक सैल, मोठं वळण ठेवा. मशीनची थरथर ते वळण सोसतं, मानेपर्यंत जात नाही. क्लिप प्लास्टिकच्या, इन्सुलेशनच्या वरून, रबर चेपणार नाही इतक्याच. लोखंड तांब्याला कुठेही लागू द्यायचं नाही.

गॅस सोडण्याआधी

इथे लोक घाई करतात आणि पैसे वाया जातात. लाइन जोडली की आधी कोरडा नायट्रोजन. रेग्युलेटर लावून, मशीनच्या पाटीवरच्या मर्यादेच्या आत. सर्व्हिस व्हॉल्व्ह बंद ठेवून मी लाइन आणि इनडोअर साधारण ३५० पीएसआयला रात्रभर ठेवतो. संध्याकाळी ३२ अंश असताना ३५० दाखवलं आणि पहाटे २६ अंशाला ३४३ दिसलं तर घाबरू नका, थंडीने दाब तेवढा उतरतोच. ३३०वर आलं तर गळती आहे. नायट्रोजनऐवजी वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन वापरायला निघालेले मी पाहिलेत. ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल दाबाखाली एकत्र आले की स्फोट होतो. कोणी ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन दारात आला तर त्याला आत घेऊ नका.

मग आतली हवा आणि ओल ओढून काढायला व्हॅक्यूम पंप, मायक्रॉन गेजवर (इथे मायक्रॉन म्हणजे आत उरलेल्या दाबाचं माप) ५००च्या खाली येईपर्यंत, आणि पंप बंद केल्यावर तो आकडा टिकतो का तेही बघायचं. “थोडा गॅस सोडून हवा काढून टाकतो” हे चालत नाही. आर-३२बरोबरचं तेल हवेतली ओल ओढून घेतं, ओलीने आम्ल बनतं आणि ते कॉम्प्रेसरची वायंडिंग खातं. जूनच्या हवेत पाइपची तोंडं दुपारभर उघडी टाकून जेवायला जाणं हेही त्यातलंच. तोंडाला टोप्या लावा.

गॅस वजनावर भरायचा. किती ग्रॅम ते आउटडोअरच्या पाटीवर छापलेलं असतं. लाइन लांब असेल तर जास्तीचे किती ते कंपनीच्या पुस्तकात मिळतं. इन्व्हर्टर मशीन आपला वेग बदलत राहतं, त्यामुळे नुसत्या प्रेशरवर भरलेला गॅस हा अंदाज असतो. काटा नसलेल्या माणसाकडून गॅस भरून घेऊ नका, असं मी आमच्या धंद्यातल्या लोकांसमोरही सांगतो. आणि जुना गॅस हवेत सोडू देऊ नका. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, हवेपेक्षा जड आहे, बंद खोलीत जमिनीलगत साठतो. शिवाय एक किलो सोडला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून घेता येतो, थोडा वेळ जातो एवढंच. गॅस आत असताना तर झाळायचा विचारही नको. ज्वाळेत त्याचा विषारी वायू होतो.

चारही नट कोरडे असतील तर

मग कॉइल. सर्व्हिस व्हॉल्व्हपाशी लाइन सोडवून इनडोअरची बाजू आणि आउटडोअरची बाजू वेगवेगळी नायट्रोजनवर धरायची, म्हणजे कोणती गळते ते नक्की कळतं. नाहीतर चांगली कॉइल बदलली जाते. इनडोअरच्या तांब्याच्या कॉइलला कधी कधी मुंग्यांच्या वारुळासारखी आतल्या आत पोखरलेली बारीक छिद्रं पडतात. ओल, हवा आणि व्हार्निश, गोंद, फरशी पुसायची द्रावणं यांतून येणारी सेंद्रिय आम्लं एकत्र आली की हे होतं. नवीन फर्निचर केल्यावर वर्षा-दीड वर्षात कॉइल गळायला लागली असेल तर ही शंका घ्या. एक छिद्र झाळता येतं, पण वारूळ असेल तर शेजारी दुसरं तयारच असतं. कॉइल बदलणं स्वस्त पडतं. वॉरंटीचा कागद आधी शोधा.

काकूंच्या पाचपैकी चार मशीनचे ब्रॅकेट आम्ही बदलले, दोन आरपार बोल्टवर, दोन अंगणातल्या ओट्यावर. लाइन नव्या टाकल्या, गॅस वजनावर भरला. सात दिवस लागले आणि तीन वर्षांत गॅसवर गेलेल्या पैशांपेक्षा खर्च थोडा जास्त झाला, हे खरं आहे. एप्रिल २०२५मध्ये मी परत गेलो तेव्हा चारही मशीनचे नट कोरडे होते आणि थंडावा पहिल्या दिवसासारखा. वहीत त्या महिन्याच्या पानावर काकूंनी एकच ओळ लिहिली होती: धुतलं.

पाचव्या खोलीचं आउटडोअर छज्ज्याखाली होतं. त्याच्या कॉइलचे पंख पांढऱ्या भुकटीसारखे झालेत आणि बेंडपाशी दोन जागी गळतंय. ते झाळून उपयोग नाही, म्हणून मी हात लावला नाही. नवी कॉइल येईपर्यंत त्या खोलीत पंखा आहे, आणि काकू ती खोली कमी भाड्याने देतात.